शीआनला आईऐवजी वहिनी

आम्ही निघालो तेव्हा नाशिकजवळ मखमलाबादच्या आमच्या घरासमोर भाड्याची सुमो उभी होती आणि आई खिडकीतून एकेक पिशवी आत सारत होती. काळा मसाला, भाजलेले शेंगदाणे, घरच्या द्राक्षांचे मनुके. सातपूरच्या कारखान्याने ह्यांना शांघायजवळच्या नव्या प्लांटवर पाठवलं होतं. गाडी सुरू झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. आई डोळ्याला पदर लावून उभी होती आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या माझ्या वहिनी, दादाची बायको. त्या क्षणी मला दुःख किती झालं आणि राग किती आला, हे अजूनही नीट वेगळं करता येत नाही.

चीनमध्ये मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणतात. आमच्या बिल्डिंगचा जिना पुसणाऱ्या बाईला कुणी हाक मारली की सुरुवातीला मी दचकून वळायचे. रविवारी घरी फोन लावायचे. तो वहिनीच उचलायच्या. "थांबा हं ताई, आईंना देते. आत्ताच जेवल्यात." जेवल्यात, पडल्यात, मळ्यात गेल्यात. माझी आई काय करतेय हे मला दुसऱ्या कुणाकडून कळायचं. आणि आई फोनवर आली की तिच्याही तोंडी वहिनींचंच नाव, सुनंदा. सुनंदानं मेथीचे लाडू केले, सुनंदा डॉक्टरकडे घेऊन गेली. घर सोडून गेलेल्यांना हे ठाऊक असेल, आपण निघालो की आपली जागा रिकामी राहत नाही. कुणीतरी येऊन बसतं, आणि वर चांगलंही वागतं. वहिनी वाईट वागल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

म्हणून मी ठरवलं, आईला इकडे आणायचं आणि शीआन दाखवायचं. चीनची फार जुनी राजधानी. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएनत्संग भारतातून पोथ्या घेऊन परतला तो तिथेच. ह्यांना सुट्टी नव्हती, त्यामुळे आम्ही दोघीच जाणार होतो. तेच मला हवं होतं. चार दिवस आई फक्त माझी.

शेजारच्या ल्यूबाई मूळच्या शीआनच्या. त्यांनी नकाशा पसरून मला सगळं समजावलं. घंटेच्या मनोऱ्याजवळचं हॉटेल, म्हणजे चालणं कमी. शहराभोवतीच्या जुन्या तटावर फिरायला बॅटरीची गाडी, म्हणजे आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. जुन्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेली मातीच्या सैनिकांची फौज बघायला सकाळी लवकर जायचं. खाण्याची अडचण होती. तिकडचा मटणाचा रस्सा आणि त्यात चुरलेली रोटी प्रसिद्ध, आणि आई अंडंही खात नाही. पण थंड शेवयांना काकडी आणि तिखटाचं तेल लावून देतात, ते चालणार होतं. दर रविवारी मी आईला ठरलेलं सांगायचे. ती हूं हूं करत ऐकायची. मागून वहिनींचा आवाज यायचा, "काय म्हणतात ताई? भिंतीवर गाडी चालते?"

तिकिटं काढायच्या आधी आईने बॉम्ब टाकला. "मी काय येत नाय. सुनंदाला धाडते."

"आई, मी हे सगळं तुझ्यासाठी ठरवलंय!"

"मला लय कळतं ते. पण तू येतीस ना दर वर्षाला मला भेटाया? तिला कोण कुठं नेतं? पासपोर्ट काढलाय तिचा. तू आता नाही म्हणू नको."

मी फोन ठेवला आणि नकाशाची घडी करून कपाटात फेकली. ह्यांना म्हटलं, वहिनींनी आई तर घेतलीच होती, आता आईची ट्रिपही घेतली. ते म्हणाले, "मग सांग नाही म्हणून." तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

कंपनीतल्या एका कुटुंबासोबत वहिनी आल्या. पंजाबी ड्रेस, त्यावर दादाचा स्वेटर, पायात नवेकोरे बूट. शीआनला उतरल्यापासून त्यांचं तोंड उघडंच. मी आईसाठी आखलेल्या प्रत्येक जागी त्या उभ्या राहत आणि मला वाटे, इथे आई असती. मातीच्या सैनिकांपाशी त्या कितीतरी वेळ कठड्याला टेकून होत्या. "प्रत्येकाचं तोंड वेगळं हे, ताई! कुणाकुणाची आठवण काढून केले असतील?" आईही नेमकं असंच काहीतरी म्हणाली असती. त्याचाही मला राग आला.

तटावर बॅटरीच्या गाडीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दोघांनी मिळून चालवायच्या सायकली भाड्याने मिळत होत्या, तिकडेच धावल्या. "चांदवडला मी शाळेत सायकलनं जायचे. लग्न झाल्यापासून हात नाही लावला." त्या पुढे, मी मागे. तट इतका रुंद की पडायची भीती नाही. त्या मोठमोठ्याने हसत होत्या आणि ओरडत होत्या, "जोर लावा ना ताई, मी एकटीच ओढतेय!" मी इतकी वर्षं चीनमध्ये राहून एकदाही अशी हसले नव्हते.

संध्याकाळी खाण्याच्या गल्लीत एक बाई तव्यावर गोड पुऱ्या तळत होती. तिकडे टोमॅटोसारखं दिसणारं एक फळ असतं, त्याच्या गराच्या. वहिनींनी एक खाल्ली आणि लगेच बांधून मागितल्या.

"आईंना नेते. ह्या मऊ आहेत. कवळी बसवल्यापासून त्यांना कडक चावत नाही."

"कवळी? कधी बसवली?"

त्यांनी तव्याकडे नजर वळवली. मग म्हणाल्या, "पावसाळ्यात. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या, तुम्ही तिकडे काळजी करत बसाल."

त्या गल्लीत, इतक्या माणसांत, माझा बांध फुटला. "माझ्या आईचे दात पडले हे मला तुमच्याकडून कळावं? सगळं तुमच्याकडे आहे, वहिनी. आईसुद्धा."

त्यांनी पुऱ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही लांब गेलात म्हणून सगळे रडले. मी चांदवडहून नाशिकला आले, तेव्हा सगळे जेवून हसत घरी गेले. तुम्ही येणार असलात की आई आठ दिवस आधीपासून दाणे भाजायला लावतात. मला. माझी आई माझ्यासाठी काय भाजते, ते मला माहीत नाही ताई. मी तिथं राहिलेच नाही कधी. सकाळी जायचं, संध्याकाळी परत, कारण इकडे आईंचं जेवण असतं." मग म्हणाल्या, "तुमचा फोन आला की त्यांचा चेहरा असा काही फुलतो ना, मला बघवत नाही."

दोघी थंड शेवया घेऊन एका बाकड्यावर बसलो आणि तिखटाने नाक पुसत खाल्ल्या. माझा हेवा त्या दिवशी संपला असं म्हणायची सोय नाही. फक्त तो एकटीचा राहिला नाही.

पुढच्या सुट्टीत नाशिकला गेले, तेव्हा आईला म्हटलं, तीन दिवस तुझं जेवण मी बघते. आणि मधला एक दिवस तिला दादावर सोपवून वहिनींबरोबर एसटीने चांदवडला गेले. इतक्या वर्षांत मी त्यांचं माहेर पाहिलं नव्हतं. दारात कांद्याची चाळ, पलीकडे डोंगर. त्यांच्या आईने मला जवळ घेतलं. वहिनी सरळ चहा टाकायला आत गेल्या. डबे उघडल्याचे आवाज आले, एक, दुसरा, तिसरा. मग त्यांच्या भावजयीचा गोड आवाज, "ताई, साखर आता वर ठेवते मी. तुम्ही बसा ना बाहेर, पाहुण्या तुम्ही."

वहिनी बाहेर येऊन माझ्या शेजारी बसल्या. चेहऱ्यावर जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं.

आता घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी पटकन सांगत नाही. शांघायजवळच्या फ्लॅटमधल्या डब्यांची मला सवय झाली आहे, पण ते कुणी हलवले तर मला काही वाटणार नाही.

चहा आला. वहिनींनी घोट घेतला आणि हळूच म्हणाल्या, "साखर कमी हे."

मला तो बरोबर लागत होता. मी म्हटलं, "हो, कमीच आहे."