बिनमोज्यांचे भाऊजी

साऱ्या विदर्भात समुद्राची सर्वांत जय्यत तयारी कुणी करून ठेवली असेल, तर ती माझ्या थोरल्या साडूंनी, आमच्या भाऊजींनी. मनीषनगरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दाराशी एक काचेचं कपाट आहे आणि त्यात बोट शूजचे सात जोड. बोटीच्या डेकवर घालायचे हे बूट. पांढरे तळवे, कडेनं ओवलेली चामड्याची दोरी. त्यांच्या वडिलांचा हातमाग होता, त्यामुळे नवा जोड आला की भाऊजी आधी त्याची शिवण चाचपायचे, मगच पाय घालायचे. "तळव्याले बारीक कापे आहे, गा. ओल्या डेकवर घसरत नाही," त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मनीषनगरात डेक कुठला, असं मी विचारलं. "घसरायले डेकच पायजे काय? तुह्या ताईनं गॅलरी धुतली का पाह्य!"

सकाळी चहाबरोबर ते मोबाइलवर जगात काय चाललंय ते पाहत, म्हणजे लोकांनी काय घातलंय ते. "यंदा आडवे पट्टे," असं एकदा जाहीर झालं आणि महाल भागातल्या एका साखरपुड्याला ते निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट आणि नांगराची बटणं लावून आले. गुरुजींनी आदरानं विचारलं, "जहाजावर असता का?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "अजून नाही."

या बुटांचा एकच नियम, मोजे नाहीत. मी एकदा मोज्यांवरच त्यांचा एक जोड घालून पाहिला, तर म्हणाले, "काहून घालून राहिला गा? बोट शूजवर मोजे म्हणजे कोटावर बनियन!"

गेल्या मे महिन्यात या नियमानं घात केला. भाऊजींना साखरेचा आजार. करंगळीला फोड आला, तो त्यांनी लपवला. लंगडत चालण्यालाही ते नवी फॅशन म्हणाले. ताईंनी बूट ओढून काढला तेव्हा करंगळी काळी पडली होती. दवाखान्यात ती काढावीच लागली.

मी भेटायला गेलो, तर ताई पलंगाशी रडत होत्या. पांढरं बँडेज पाहून मी दारातच थांबलो. भाऊजींनीच आम्हाला सावरलं. "काहून रडून राहिली वं? जिंदगीभर वाट पाहिली, शेवटी माही एक बोट सुटली नं!" ताई रडता रडता हसल्या. पण डॉक्टरांनी सांगितलेल्या रुंद, मऊ पट्ट्यांच्या सँडल आणि राखाडी मोजे समोर आले, तेव्हा मात्र भाऊजींनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर त्यांनी मला बोलावून निळा जोड पुढे केला. आमचं माप एकच. "तुले साखर नाही नं? मंग घाल. बूट पडून राहिला का कडक होते."

आता रविवारी सकाळी आम्ही सक्करदऱ्याच्या तलावाकाठी फिरतो, ते सँडलमध्ये आणि मी त्यांच्या निळ्या बुटांत. सुरुवातीला वाटायचं, त्यांचा पाय दुखत असेल, म्हणून ते मागं राहतात. मी थांबलो, की तेही थांबायचे. एकदा मी वळून हात पुढे केला.

"मले धरू नको, गा," ते म्हणाले. "तू चाल. पण हळू चाल. मले मागून पाहू दे."

तेव्हापासून मी हळूच चालतो.