वर्गात एक मिळवला की

बोरीच्या शाळेत मी गणित शिकवायचो. हैदराबाद विलीन झालं, दोन-तीन वर्षांत शाळेतली उर्दू गेली, मराठी आली आणि चाळिशी ओलांडलेल्या माझ्या जिभेचे हाल सुरू झाले. घरची बोली मराठीच. पण गणित सगळं उर्दूत शिकलेलो. ‘मुफ्रद अदद’ तोंडात बसलेलं, ‘मूळ संख्या’ ऐन वेळी आठवायची नाही. फळ्यापुढं शब्द शोधत उभा राहायचो. मुलं हसायची नाहीत, नुसती वाट बघायची. ते जास्त लागायचं.

शाळा सुटली की अंग गळून जाई. मग ओसरीवर पाटी घेऊन एकच चाळा: एखाद्या संख्येचा वर्ग करायचा, त्यात एक मिळवायचा आणि मूळ अवयव पाडायचे. सातचा वर्ग एकोणपन्नास, एक मिळवून पन्नास. अवयव दोन, पाच, पाच. आठचा चौसष्ट, मिळवून पासष्ट. पाच आणि तेरा. तीन कधी यायचाच नाही. सात नाही, अकराही नाही.

एकदा बायको शेजारी ज्वारी निवडत बसली होती. रोज कशाला भाग देता, म्हणून तिनं विचारलं. मी तिनाचं सांगितलं.

“लय मोठा आकडा घेतला तरी येत न्हाई?”

“न्हाई.”

“कशावरून?”

कारण मला पाठ होतं, पण उर्दूत. तिला उर्दू येत नव्हती. मी सुपातले दाणे घेऊन तिनातिनाचे वाटे घातले. कोणतीही संख्या अशी मांडली की मागं काहीच उरत नाही, नाहीतर एक उरतो, नाहीतर दोन. वर्गामागं काय उरेल ते या उरलेल्याच्याच वर्गावरून ठरतं. एकाचा वर्ग एक, दोनाचा वर्ग चार. चारातून तीन काढले की एकच राहतो. म्हणजे वर्गामागं उरलाच तर एक उरतो, दोन कधीच नाहीत. त्यात आपला एक घातला की एक होईल किंवा दोन. तीन पुरे व्हायचे नाहीत.

तिनं वाटे परत सुपात लोटले. “ठावं हाय, तरी रोज भाग द्यायलाव?”

थकलेल्या डोक्याला तेवढंच जमत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तसंच घरच्या बोलीत सांगितलं. मुलांना कळलं. पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तकातलेच शब्द वापरा म्हणून बजावलं. मी मान हलवली. हळूहळू ते शब्दही बसले. घरी आल्यावर मात्र पुष्कळदा कुठल्याच भाषेत बोलायला नको वाटायचं.