नरसिंहाचे दात

पुंजा महाले नाशिकच्या एका शाळेत शिपाई होता. आपल्याइतकी वेळेवर घंटा जिल्ह्यात कुणी देत नाही, असं तो स्वतःच सांगे आणि सांगताना त्याला जराही संकोच वाटत नसे. जे येतं ते येतं, त्यात लाजायचं काय, असा त्याचा हिशेब. बाकाचा मोडलेला पाय तो डब्याच्या सुट्टीत बसवी. गळका नळ ऐकूनच ओळखे. सल्ला द्यायलाही त्याचा हात मोकळा होता. गॅदरिंगच्या वेळी मुख्याध्यापकांना तो सांगे, "सर, इकडं उभं राहून बोला, तिकडून आवाज भिंतीत जातो." सर तिकडून उठून इकडे येत, आणि आवाज खरोखर शेवटच्या रांगेपर्यंत जाई.

सल्ला घ्यायचा मात्र त्याने एकाच माणसाचा. चित्रकलेच्या मोहिनी मॅडमचा. मॅडम फळ्यावर हात न उचलता पूर्ण गोल काढत, आणि त्या गोलापुढे पुंजा मनातून वाकला होता.

मुखवट्यांचा नाद त्याला त्यांच्याच वर्गात लागला. मॅडम पोरांना कागदाचा लगदा शिकवत होत्या. वर्गाच्या दारात झाडू घेऊन उभा असलेला पुंजा म्हणाला, "मॅडम, यात मेथीची पूड घाला, कीड लागत नाही. आमच्या गावी तसंच करतात." मॅडमनी विचारलं, कुठलं गाव, तिथे लगद्याचं काय करतात. मग पुंजाने त्यांना बोहाड्याबद्दल सांगितलं. हरसूलच्या पुढे दोन टेकड्या ओलांडल्या की त्याचं गाव. चैत्र सरता सरता तिथे देवांची सोंगं निघतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं. गणपती एका घरचा, भीम दुसऱ्या घरचा. ज्याचं सोंग त्यानेच मुखवटा बांधून संबळाच्या तालावर नाचायचं.

"तुमच्या घरचं सोंग कुठलं?" मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडं टेंभा. आम्ही उजेड धरतो."

हे त्याने नेहमीच्या ताठ मानेने सांगितलं. मुखवट्यावर उजेड कुठून पडला की तो रागीट दिसतो आणि कुठून पडला की हसरा, हे महाल्यांच्या घराइतकं कुणाला कळणार?

त्यानंतर चार-पाच वर्षांत पुंजाच्या हातून तीसेक मुखवटे झाले. चिकणमातीचा साचा, त्यावर उत्तरपत्रिकांचा लगदा, मग डिंक, मग रंग. मॅडम बाजूला उभ्या राहून सांगत, "नाकाची ही बाजू जड झाली," "डोळ्यांत जरा पांढरं ठेव." पुंजा ऐके, आणि ऐकलं की मुखवटा खरंच उजळे. मुखवटे शिक्षकांच्या दिवाणखान्यांत गेले, एक तर थेट देवळाली कॅम्पात कुणा मेजरसाहेबांच्या भिंतीवर जाऊन बसला.

शहाण्णव साली शिमगा आटोपून फुलाबाई त्याच्या दारात आली. गावच्या नरसिंहाचं सोंग तिच्या घरचं. तिचा नवरा गेल्या साली बोहाड्याच्या आधी वारला, म्हणून सोंग निघालं नव्हतं. आता पोरगा राजू नाचायला तयार होता, पण मुखवटा खाली काढला तर आतून वाळवीने पोखरलेला.

"दोन साल सोंग निघालं नाय तर पंच दुसऱ्या घराला देत्यात," फुलाबाई म्हणाली. "त्यांच्या बापानं, आजानं नाचवलं. माझ्या हातून जायला नको. तू करशील का पुंजाभाऊ?"

"करशील का म्हणून काय विचारता वयनी? असा करतो की जुना लोकं विसरतील."

जुना मुखवटा त्याने मांडीवर घेऊन नीट पाहिला. सिंहाचं तोंड वाजवीपेक्षा जास्त उघडं, आत नुसतं भोक. ना जीभ, ना दात. खालचा ओठ झिजून पातळ झालेला. पुंजाला करणाऱ्याची कीव आली. बिचाऱ्याला तोंड जमलं नव्हतं.

महिनाभर तो शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गात बसे. मॅडम म्हणाल्या, "तोंड एवढं रिकामं वाईट दिसतं रे. दात दे, जीभ दे. सिंह आहे तो." पुंजाच्याही मनात तेच होतं. त्याने वर आठ, खाली आठ दात बसवले, कोपऱ्यांत चार सुळे, मधे लालभडक जीभ. तोंड कसं गच्च भरलं. मॅडम दहा पावलं मागे गेल्या, डोळे बारीक करून बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हा तुझा सगळ्यात चांगला." पुंजा म्हणाला, "मलाही तसंच वाटतं."

बोहाड्याच्या दोन दिवस आधी रजा टाकून तो सीबीएस स्टँडवरून हरसूलच्या एसटीत चढला. मुखवटा चादरीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "लहान मूल हाय का?" पुंजा म्हणाला, "सिंह हाय. तिकीट फाडू नका."

गावात मुखवटा बघायला झुंबड उडाली, आणि जो येई तो काहीतरी सांगून जाई. एक म्हणाला आयाळीला सोनेरी लाव. दुसरा म्हणाला कान मोठे झाले. पुंजा सगळ्यांना हसून वाटेला लावत होता. वाळूबाबाही आले. तीस वर्षांपूर्वी फुलाबाईच्या सासऱ्याचा पाय मोडला होता, तेव्हा घराने या मानलेल्या भावाला उभं केलं होतं आणि पुढची बारा वर्षं नरसिंह तेच नाचले होते. त्यांनी मुखवटा उचलला, आतून बघितला, बोटाने ओठ चाचपला.

"पुंजा, हे तोंड..."

"बाबा, आता शहरात असंच करत्यात," पुंजा मधेच म्हणाला. "तुमच्या वेळचं निराळं व्हतं. तुम्ही फक्त बघा."

वाळूबाबांनी मुखवटा खाली ठेवला, बिडी पेटवली आणि ओट्यावर बसून खरंच फक्त बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यात तालीम ठरली. राजूने मुखवटा बांधला. संबळवाल्याने काडी टेकवली. राजूने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला गिरकी घेतली आणि तो सरळ बैलगाडीच्या जुवावर जाऊन आदळला. संबळ थांबला. मुखवट्याचा डावा कान तुटून धुळीत पडला, राजूचा गुडघा सोलवटला.

मुखवट्याच्या आतून आवाज आला, "मला कायच दिसत नाय."

मग सगळं गाव सल्ला द्यायला उठलं. डोळे पोखर, डोळे पोखर. पुंजाने पटाशी घेऊन स्वतः रंगवलेल्या बुबुळांना भोकं पाडली. राजूने पुन्हा बांधला.

"आता?"

"आता आभाळ दिसतंय. आन त्या आंब्याचा शेंडा."

मुखवटा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा मोठा. सिंहाचे डोळे राजूच्या कपाळाच्याही वर येत होते. हे साचा करताना पुंजाच्या ध्यानात आलंच नव्हतं, कारण भिंतीला डोळे नसतात.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मेजरसाहेबाच्या भिंतीला नाचव म्हणावं." लोक हसले. फुलाबाई हसली नाही. ती पुढे येऊन हळूच म्हणाली, "पुंजाभाऊ, परवा सकाळी सोंग हाय. पंच बसले हायेत."

पुंजाने मुखवटा काखेत मारला, तुटका कान खिशात घातला आणि चालत वाळूबाबांच्या ओट्यापाशी गेला. एवढं अंतर त्याला हरसूलपेक्षा लांब वाटलं.

"बाबा, सांगा."

"काय सांगू? तू म्हणला फक्त बघा. बघितलं."

"चुकलो. आता विचारतो."

वाळूबाबांनी बिडी विझवून कानावर ठेवली. "सांगत नाय. बांध डोक्याला."

"मी?" पुंजा दचकला. "आमचं घर टेंभ्याचं. आम्ही सोंग बांधत नाय."

"पूजा झाली का त्याची?"

"नाय."

"मग कागद हाय तो. तुमच्या पोरांच्या परीक्षांचा कागद. बांध."

म्हाताऱ्याने स्वतः मागची गाठ मारली, पुंजाच्या हातात रिकामी कळशी दिली आणि म्हणाला, "हापशावर जा. पाणी भरून आण."

चाळीस वर्षांचा पुंजा आयुष्यात पहिल्यांदा मुखवट्याच्या आत गेला. आत मेथीचा आणि डिंकाचा वास, स्वतःच्या श्वासाची वाफ. नाकाच्या हाडावर सगळं वजन. डोक्यावर कुठेतरी दोन भोकांतून आभाळाचे दोन रुपये. पायाखाली काय आहे ते कळेना. त्याने आयुष्यभर या तोंडांवर उजेड धरला होता, आणि तो उजेड आत कुठून जातो हे त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं.

दहा पावलांवर त्याला ठेच लागली. मग त्याच्या ध्यानात आलं की त्याच्या डोळ्यांसमोर, अगदी समोर, एक दोऱ्याएवढी उजेडाची रेघ आहे. खालच्या दोन दातांमधे लगदा सुकताना आकसला होता. त्याने मान जराशी उचलली. त्या रेघेतून त्याला स्वतःच्या पायाचा अंगठा दिसला, मग वाट, मग हापशाचा दांडा.

तो तिथेच उभा राहिला. जुन्याचं तोंड एवढं उघडं का होतं, ते त्याला कळलं. ओठ का झिजला होता, तेही. बाप आणि आजा तिथून वाकून गाव बघत आले होते.

त्याने कळशी भरली. अर्धी वाटेत सांडली, पण आणली. मुखवटा सोडून मांडीवर घेतला, पटाशी मागवली आणि कुणाला काही न सांगता पहिला सुळा उडवला. मग दुसरा. मग वरचे आठ, खालचे आठ. शेवटी जीभ. पोरं ते दात वेचून पळाली. महिनाभराचं काम धुळीत गेलं, आणि पुंजा मोठ्याने म्हणाला, "पाणी पिणार का कुणी? मी आणलंय."

आता वाळूबाबांचं तोंड उघडलं ते मिटेना. "नाकाच्या जागी आतून चिंधी लाव, नायतर हाड सोलतं. मागं वजन दे, मुठीएवढी माती, म्हणजे तोंड खाली लोंबत नाय. हनवटीची दोरी सुती घे, नायलॉन घामानं सरकती. आन कान बारीक कर, तो कानाचा म्हणत व्हता त्याचं बरोबर व्हतं."

"एवढं सगळं कालच का नाय सांगितलं बाबा?"

"काल तुला जागा कुठं व्हती?"

वैशाखाच्या तोंडाचं ऊन होतं. ओठाला आणि कानाला नव्याने लावलेला ओला लगदा एका दिवसात खणखणीत वाळला. ओठाला पुंजाने लाल किनार तेवढी ठेवली.

नरसिंहाचं सोंग त्या गावात उजाडल्यावर, सगळ्यांच्या शेवटी निघतं. कोवळ्या उन्हात राजू बाहेर आला. तालमीला हसलेली माणसं पुढे सरकून उभी होती. त्याने गिरकी घेतली, दुसरी घेतली, पंचांच्या समोर येऊन पाऊलभर अंतरावर थांबला आणि मान वाकवली. त्या उघड्या तोंडाच्या अंधारात त्याचे स्वतःचे डोळे चमकले. पुंजा विझलेला टेंभा खांद्यावर घेऊन उभा होता. असा रागीट नरसिंह त्याने कधी पाहिला नव्हता, आणि त्यात रंगाचा काही हात नव्हता. पंचांतला एकजण फुलाबाईकडे वळून म्हणाला, "तुमचंच ऱ्हायलं वयनी." फुलाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पोराला पाणी आणायला गेली.

शाळेत परतल्यावर मोहिनी मॅडमनी विचारलं, "आवडला का गावाला?" पुंजा म्हणाला, "नाचला मॅडम." त्याहून जास्त काही सांगितलं नाही. आपल्या गुरूचा सल्ला पटाशीने उडवला हे सांगायला त्याच्याकडे तेव्हा शब्द नव्हते. एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात संकोचाने लपवली.

पुढे दोन हजार चार साली मॅडमनी मे महिन्यात मोठ्या माणसांसाठी छंदवर्ग काढला आणि मुखवटे शिकवायला पुंजाला बसवलं. वर्गात बँकेतले अधिकारी, गृहिणी, एक दातांचे डॉक्टर. कुणी विचारी, "पुंजाभाऊ, माझं कसं झालंय?" पुंजा जागेवरून उठे. मुखवटा त्यांच्याच डोक्याला बांधी, हातात प्लास्टिकची बादली देई आणि म्हणे, "खालच्या नळावरून भरून आणा." माणसं जिने चाचपडत उतरत, भिंतींना कान घासत, खांबांना नमस्कार करत. वर येत ती अर्धी बादली आणि पूर्ण उत्तर घेऊन. डॉक्टरांनी आपल्या राक्षसाचे दात स्वतःच उपटले, आणि म्हणाले की कामाची सवय उपयोगी पडली.

एका दुपारी मॅडमनी पुंजाच्या पाकिटातला राजूच्या सोंगाचा फोटो पाहिला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "पुंजा, मी सांगितलेले दात कुठे गेले?"

पुंजाने टेबलावरचा एक मुखवटा उचलला. तो बंद तोंडाचा होता. "मॅडम, जरा मान वाकवा," तो म्हणाला, आणि त्यांच्या पांढऱ्या होऊ लागलेल्या केसांमागे जपून गाठ मारली. बादली पुढे केली.

मॅडम निवृत्तीला आलेल्या. पहिल्याच पायरीला थांबल्या. कठडा धरून, एकेक पायरी मोजत खाली गेल्या. पुंजा दोन पायऱ्या मागे होता, हात पुढे धरून, पण त्याने धरलं नाही. नळ सापडेपर्यंत त्यांनी भिंतीला दोनदा "सॉरी" म्हटलं. वर येऊन मुखवटा काढला तेव्हा नाकावर लाल वळ होता आणि त्या हसत होत्या.

"आठ वर्षं बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"आणि भिंतीवर टांगायचा असेल तर?"

पुंजाने त्यांच्या हातातली बादली घेतली. "तर दात पाहिजेतच मॅडम. त्यात तुमचंच बरोबर."

फुलाबाईच्या घरी नरसिंह अजून तोच आहे. दरसाली पूजेच्या आदल्या दिवशी राजू तो खाली काढतो आणि पुंजाच्या हातात देतो. पुंजा आतली चिंधी बदलतो, दोरी ओढून बघतो, मग मुखवटा स्वतःच्या डोक्याला बांधून हापशावर जातो. टेंभ्याच्या घरचा माणूस सोंग बांधतो म्हणून कुणी काही म्हणत नाही. तो वाट न चुकता जातो, कळशी काठोकाठ भरून आणतो, आणि त्याच पाण्याने फुलाबाई देवापुढची जागा सारवते.