मामांची लाल झेंडी

आमच्या वाडीच्या सरपंचांनी किसनमामांना फसवलं. पंच सरपंचांच्या बाजूला उभे राहिले आणि वाडी गप्प बसली. मामांना जाऊन आता महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं हे मला कळतं, आणि मामांबद्दल मी गोडच लिहिणार आहे. पण आधी हे लिहून, मग.

बातमी आली तेव्हा मी दौंडला माझ्या कडब्याच्या अड्ड्यावर एका गिऱ्हाइकाशी हमरीतुमरीवर आलो होतो. न्हावऱ्याकडून आलेल्या एसटीतून मामांचा पुतण्या उतरला, सरळ माझ्यापुढे आला आणि म्हणाला, "तात्या गेले." वाडीचे मामा ते घरात तात्या. मी त्या गिऱ्हाइकाला त्यानं मागितलेल्या भावात माल देऊन टाकला. माझ्या हातून असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तोही बिचारा घाबरून माझ्याकडे बघत राहिला...

मामा रेल्वेत गँगमन होते. सगळी नोकरी रूळ तपासत चालण्यात गेली आणि निवृत्त होऊन वाडीला परतले तरी पायांची सवय सुटेना. उजाडलं की घरामागून निघायचे, निमोण्याच्या अंगाचा आमचा माळ ओलांडून घोड नदीच्या काठापर्यंत जी जुनी पायवाट जाते तिनं जायचे, आणि ऊन तापायच्या आत परत. पावलं आखूड, रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पडावीत तशी. मी वाडीला गेलो की मला ओढून नेत. माझं शरीर गादीवर बसून भाव करणाऱ्याचं. चढाला धाप लागायची. मामा मागं न बघता म्हणायचे, "काय शेट, इंजान पान्याला थांबवायचं का?" मग वरच्या बाभळीखाली आम्ही बसायचो. खाली नदी दिसायची, कुठंतरी तितर ओरडायचा. हमाली करत वर आलेला माणूस मी. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर माझा कधी विश्वास बसला नाही. त्या बाभळीखाली मात्र बसायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर त्या माळावर गवताची काडी उरली नव्हती. मुरूम उघडा पडला होता आणि उरलीसुरली बोराटी सरपणाला गेली होती. माळ बंद ठेवायचा, पाऊस पडल्यापासून गवताचं बी झडेपर्यंत कुणी जनावर सोडायचं नाही, कुऱ्हाड चालवायची नाही, ही गोष्ट मामांनी काढली. खंडोबाच्या देवळात बैठक झाली. आमच्याकडे देवाचा भंडारा हातात घेऊन शब्द दिला की तो मोडत नाहीत. सरपंचांनी भंडारा उचलला, पंचांनी उचलला, मेंढरंवाल्या धनगरांनी उचलला, मीही उचलला. मामा बौद्ध, ते बाहेर पारावर बसले होते. एका पंचानं टोमणा मारला, "मामा, तुम्ही भंडारा उचलनार न्हाई. मग तुमचा भरवसा कसा धरायचा?"

मामा म्हणाले, "मी झेंडी दावली की मेलगाडी थांबायची. तिनं कवा मला भंडारा मागितला न्हाई."

धनगर मंडळी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

खरोखरच मामांनी आपली जुनी लाल झेंडी पेटीतून काढली. चुकून कुणाची मेंढरं माळाकडे वळली की मामा पायवाटेवर आडवे उभे राहून झेंडी धरायचे. भांडण नाही, शिवी नाही. मेंढक्या लांबूनच ओरडायचा, "मामा, शिंगल कवा पडतोय?" मामा ओरडायचे, "बी पडल्यावर!" माझंही त्यापुढं चाललं नाही. एका वर्षी पवन्या गवत कमरेइतकं झालं होतं. हिरवं असतानाच कापून द्या, भाव चांगला येईल, म्हणून मी मामांच्या दारात बसून घासाघीस केली, आवाज चढवला, शेवटी उठून चालायलाही लागलो. मामांनी मागून हाक मारली. मला वाटलं, वाकले. तर म्हणाले, "च्या पिऊन जा. ओरडून घसा बसला आसंल." पुढे दोन-तीन पावसाळ्यांत माळावर ससे परतले, हरणं परतली, आणि दसऱ्यानंतर वाडीची सगळी गुरं त्या गवतावर जगू लागली.

मग रस्त्याचं काम आलं आणि ठेकेदाराला मुरूम हवा झाला. सरपंच मामांच्या घरी आले. पायवाटेच्या खालच्या अंगाला गवत नाही, तेवढंच खोदू, वरच्या माळाला हात लावणार नाही, असं म्हणाले. मामांनी ते मानलं. खोदायची हद्दही स्वतः चालून दाखवली. त्याच सुमारास दौंडला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते माझ्या घरी राहिले. दोन्ही डोळ्यांना पट्टी. सरपंच केळी घेऊन भेटायला आले. मामांनी पहिला प्रश्न माळाचा विचारला.

"माळ हाय तसा हाय मामा. तुम्ही निवांत पडा."

मी शेजारीच होतो. कडब्याची पेंढी आतून चाचपल्याशिवाय मी घेत नाही, आणि मी त्या माणसाला स्वतःच्या हातानं चहा दिला.

मामांना मीच एसटीनं परत नेलं. दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही निघालो. नवा चष्मा होता, मामा खुशीत होते. चढ संपायच्या आतच वाट संपली. पुढे खड्डा होता. अर्धा माळ गेला होता, बाभळही गेली होती. ट्रकच्या चाकोऱ्या गवतातून आरपार. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढंच म्हणाले, "मी पट्टीत व्हतो, शेट. बाकीच्यांचं डोळं तर उघडं व्हतं..."

त्या खड्ड्यानं मामा गेले असं मी म्हणत नाही. वय झालं होतं, छातीचं दुखणं जुनं होतं. पण त्यानंतर ते त्या वाटेनं गेले नाहीत. सकाळी उठून अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारायचे, तशाच आखूड पावलांनी.

शोकसभेत सरपंच बोलले. नव्या रस्त्याला मामांचं नाव देऊ म्हणाले, लोकांनी मान डोलावली. मी उठून बोलायला लागलो तर लोकांनी मला खाली बसवलं, म्हणाले, ही वेळ नव्हे. म्हणून इथं लिहितोय.

पुतण्यानं झेंडी मला दिली आहे. उन्हानं विटून ती विटेच्या रंगाची झाली आहे. अड्ड्यावर गादीमागच्या खिळ्याला टांगली आहे. वरचा अर्धा माळ अजून शिल्लक आहे, आणि ठेकेदाराचा माणूस परत वाडीत दिसला असं ऐकतो. तेव्हा सरपंच, रस्त्याला नाव द्यायला आलात तर मी झेंडी घेऊन त्या रस्त्यात आडवा उभा राहीन. त्याआधी देवळात या. ज्यांनी ज्यांनी भंडारा उचलला त्या सगळ्यांना बोलवा आणि त्यांच्यासमोर सांगा, डोळ्यांना पट्टी बांधलेल्या माणसाला "माळ हाय तसा हाय" असं तुम्ही कुणाच्या भरवशावर सांगितलंत?