चाकू ठेवायचा कुठं?

सोमवारी ऑपरेशन ठरलेलं, आणि गुरुवारी सकाळी शिवराजअण्णा माझ्या टेबलावर पालथे पडून विचारत होते, "म्याडम, खरं सांगा. पाय कायमचा जायलाय का माझा?"

"कुठं जात नाही अण्णा. इथंच आहे की," मी म्हटलं. अण्णा हसले नाहीत. मलाही हसू येईना, कारण माझीच खात्री नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट. बिदरला नौबादमध्ये हाडांच्या एका दवाखान्यात काम करते. अण्णा खटकचिंचोळीचे, वय छप्पन, काम आंब्याची कलमं बांधायचं. आसपास कुणाला गावरान आंब्यावर केशर चढवायचा असला की अण्णांना बोलावणं जायचं. दिवसभर उकिडवं बसायचं, काडी तासायची, जोडायची, पट्टी गुंडाळायची. गेले चार महिने त्यांच्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग व्हायची, मग मुंग्या, मग बधिर. "चिमटा काढला तर दुसऱ्याच्याच मांडीला काढल्यावानी वाटायलंय," म्हणायचे. त्यांच्या चुलत्याला लकवा झाला होता. तोही असाच बधिरपणानं सुरू झाला, हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. यंदाची सगळी बोलावणी त्यांनी परत पाठवली होती.

एमआरआयमध्ये कमरेची एक गादी सरकलेली दिसली. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. ती सरकली तर पायात जाणारी नस दाबली जाऊ शकते. सरांनी, म्हणजे आमच्या ऑर्थोच्या डॉक्टरांनी, आधी माझ्याकडे पाठवलं. तीन आठवडे मी ट्रॅक्शन दिलं. कमरेला पट्टा बांधून वजनानं ओढ द्यायची, त्याला ट्रॅक्शन म्हणतात. शेक दिला, व्यायाम दिले. फरक ढिम्म नाही. उलट ट्रॅक्शनच्या दिवशी आग जास्तच व्हायची. शेवटी सरांनी ऑपरेशन ठरवलं.

मला एक गोष्ट खटकत होती. अण्णांच्या पायातली ताकद उत्तम होती. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय टुणकन उडायचा. नस कमरेत दबली असती तर यातलं काहीतरी बिघडायला हवं होतं. सरांना एकदा हळूच बोलले. "मग एमआरआय खोटं बोलतोय का?" त्यांनी विचारलं. मी फाइल उचलून बाहेर आले. नोकरी करायची आहे हो, रोज उठून बॉसशी कोण पंगा घेणार!

तर तो गुरुवार. अण्णांबरोबर त्यांची बायको, शांताक्का, दर वेळी यायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसायच्या. त्या दिवशी त्या बहिणीकडे जनवाड्याला गेल्या होत्या. ट्रीटमेंट झाली, अण्णा बाहेर गेले आणि मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले.

रिसेप्शनवरच्या सुनंदानं ड्रॉवरमधून एक घडीचा चाकू काढला आणि दोन बोटांत मेलेला उंदीर धरावा तसा पुढं केला. "अण्णा, ही तुमची वस्तू न्या बाबा. माझा जीव सकाळधरनं धाकधूक करायलाय."

शिसवी मूठ, टोकाला पितळ, चांगला जाडजूड. अण्णांनी तो घेतला, सदरा वर केला आणि सवयीच्या हातानं उजव्या कुशीला, करदोड्याखाली खुपसला. वरून धोतराचा वेढा करकचून ओढला.

माझा चहा तिथंच राहिला.

"अण्णा! हा रोज इथंच असतो?"

"व्हय. कलमवाल्याचा चाकू कमरेलाच असतोय."

"मग इतके दिवस मला कसा दिसला नाही?"

अण्णांना माझ्या अकलेची कीव आली असावी. "डागदरापुढं पातं घेऊन येऊ व्हय? देवापुढं आन् मोठ्या माणसापुढं पातं न्यायचं नसतंय. शांता धरून बसती की बाहेर. आज ती न्हाई, म्हणून ह्या अक्कापाशी दिला."

घ्या! म्हणजे सरांनी तपासलं, मी तपासलं, मशिनीनं तपासलं, आणि दुखण्याचं कारण दर वेळी बाहेर बाकावर शांताक्कांच्या पिशवीत बसलेलं. आमचा मान राखायला!

त्यांना परत आत घेतलं. या वेळी उताणं झोपवलं. कमरेच्या हाडाचं पुढं टोक येतं ना, त्याच्या जरा आत कातडी काळपट पडून घट्टा झाला होता. मी आजवर पाठच बघत बसलेली, पुढून कोण बघतंय! तिथं अंगठा दाबला.

"आगागागा! तीच आग, म्याडम! तीच!"

त्या जागी मांडीच्या कातडीला संवेदना देणारी एक बारीक नस पोटातून पायात उतरते. ती फक्त जाणीव देते, ताकदीशी तिचा संबंध नाही. घट्ट पट्टा, जड वस्तू तिच्यावर सतत दाबून राहिली की मांडी आधी पेटते, मग बधिर होते. माझा ट्रॅक्शनचा पट्टाही नेमका तिथंच बसायचा. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"पण चाकू तर तीस वर्षं कमरेला असेल ना? मग आग आत्ताच का?"

"जुना बारीक होता. गेल्या साली बागेत कुठं पडला, गावलाच न्हाई. हा नवा थोराड हाय. ह्यो बी पडायला नगं म्हणून करदोडा आवळून बांधला."

मी सरांच्या केबिनमध्ये शिरले. "सर, सोमवारचं ऑपरेशन थांबवा."

"कामून?"

"चाकू सापडला."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, की मला घाईघाईनं सगळं सांगावं लागलं. ते उठले, स्वतः अंगठा दाबून बघितला. मग म्हणाले, "सरकलेली गादी या वयात पुष्कळांची दिसते. माझीही निघेल. महिनाभर कमरेला काही आवळून बांधू नका. मग बघू."

अण्णा सुटले, पण मी अडकले. कारण चाकू घरी ठेवायला ते तयार नव्हते, आणि धोतराला खिसा नसतो. मी म्हटलं, सदऱ्याच्या खिशात ठेवा. वाकले की चाकू टपकन पायावर. पिशवीत ठेवला, तर पिशवी एका झाडाला आणि अण्णा दुसऱ्या झाडापाशी. मुलाची पँट घालून मागच्या खिशात ठेवून बघितला. "त्येच्यावर बसायचं कसं, म्याडम? तुम्हीच बसून दाखवा." शेवटी मी म्हटलं, दोरीनं गळ्यात अडकवा.

"गळ्यात लिंग हाय माझ्या," अण्णा एकदम ताठ झाले. "त्येच्याशेजारी पातं लटकवू व्हय?"

मी कान पकडले. अण्णा लिंगायत, गळ्यात कायम इष्टलिंग, हे विसरलेच होते.

तोड काढली शांताक्कांनी. अण्णांच्या बंडीला आतून, डाव्या काखेखाली, त्यांनी एक उभा अरुंद खिसा शिवला. चाकूपेक्षा दोन बोटं खोल. मिटलेल्या पात्याची उघडायची बाजू शिवणीकडं, म्हणजे चुकून उघडायला जागाच नाही. मुठीतून ओवलेली दोरी वर बटणाला. आता वजन खांद्यावर, कंबर मोकळी, आणि उकिडवं बसलं तरी उजवा हात सरळ मुठीवर. कॉलेजात साडेचार वर्षं शिकले मी, पण हे मला सुचलं नव्हतं.

महिन्यानं दोघं आले. सरांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि मांडीला टाचणीचं टोक लावलं.

"काही कळतंय?"

अण्णा बोलेनात. शांताक्कांनी पदर तोंडाशी धरला. सरांनी टाचणी जरा खाली घेतली.

"आयायाय! टोचलं की ओ!" अण्णा ओरडले, आणि डोळे उघडून हसायलाच लागले. "मघाशी बी टोचलं, पर म्हटलं भास असंल. सर, अजून एकदा टोचा. हिच्यासमोर टोचा!"

सरांनी टोचलं. शांताक्का हसता हसता रडायला लागल्या आणि मीही डोळे पुसले, उगीच खोटं कशाला सांगू.

आमच्या ओपीडीच्या फॉर्मवर आता एक ओळ वाढली आहे. सरांनी स्वतःच्या हातानं लिहिली: "आत येण्याआधी अंगावरचं काय काय काढून ठेवलंत?"