मुंगळ्यांना गूळ नकोच होता

लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते आणि धाराशिवच्या सासरी माझी ओळख ठरून गेली होती: गूळ सांडणारी सून. स्वयंपाकघराच्या दाराशी रोज काळ्या मुंगळ्यांची रांग लागायची. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या, "गूळ असंल तिथंच मुंगळं येत्यात. आमच्या सुनंचा हात लई ढिला." मी वरवर हसायचे, आतून जळायचे. गुळाचा डबा मी पाण्याच्या परातीत ठेवायचे, ओटा दिवसातून चारदा पुसायचे. तरी रांग तशीच.

मग मी हट्टालाच पेटले. एका सकाळी रांगेच्या एका अंगाला गुळाचा खडा ठेवला, दुसऱ्या अंगाला ओल्या गोणपाटाचा तुकडा. भाकरी थापता थापता डोळा तिकडंच. चार-दोन मुंगळे गुळाला चिकटले. बाकीचे सगळे गोणपाटाखाली शिरले. म्हणजे यांना गोड नको होतं, ओल हवी होती!

रांगेचा माग काढला तर ती दाराच्या चौकटीत, अगदी खालच्या टोकाला शिरत होती. तिथं बारीक भुसा पडलेला. तो मी रोज कचरा समजून झाडत होते. वाळवी म्हणावी तर मातीच्या रेषा कुठंच नव्हत्या. उलथन्याचं टोक टोचलं, ते उकडलेल्या बटाट्यात जावं तसं आत गेलं. आत मुंगळ्यांची पांढरी अंडी. आणि चौकटीला खेटून सासूबाईंचा मातीचा रांजण, बारा महिने पाझरणारा.

"आत्या," मी सासूबाईंना म्हटलं, "रांजण अंगणात न्यावा लागंल. चौकट वलीनं कुजलीय."

"न्हाय हलायचा. नळ आला न्हाय तर काय पिशील?"

टँकरमागं धावण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांची भीती मला कळत होती, पण मी माघार घेतली नाही. "एक थेंब सांडणार न्हाय. तुम्ही उभ्या राहून बघा," म्हटलं. कळशी-कळशीनं रांजण रिकामा केला, अंगणात दगडावर बसवला आणि त्याच पाण्यानं पुन्हा भरला. भिंत वाळू दिली. मग सुतारानं कुजका भाग कापून नवं लाकूड जोडलं, त्याला मी तेलरंग दिला. पंधरा दिवसांत मुंगळे गेले.

सासूबाई मात्र 'चुकलं' म्हणाल्या नाहीत. मी वाट पाहिली, खोटं कशाला बोलू?

पुढं एकदा वाशीहून थोरल्या नणंदेचा फोन आला. तिच्याही घरात नुकतीच सून आली होती. न्हाणीच्या दाराशी मुंगळे झालेत, सून साखर सांडते, असं तिचं गाऱ्हाणं. सासूबाईंनी तिला मधेच तोडलं.

"आधी वल कुठाय ते बघ. चौकटीला उलथनं टोच. आन् त्या पोरीला काय बोलली असशील, तर आजच माफी माग."

मी शेजारीच मेथी निवडत बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. फोनवर पुढं म्हणाल्या, "तू तरी माग. मला काय जमलं न्हाय."