आठ लॅपटॉप आणि काकांचं रजिस्टर

आमच्या दुकानात काचेची एक बरणी आहे. लॅपटॉप उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू उरतोच, तो त्या बरणीत जातो. कुठला होता ते कुणाला सांगता येत नाही आणि लॅपटॉप त्याच्याशिवाय मजेत चालतो. किश्श्यांचंही तसंच झालंय. संध्याकाळी शटर ओढताना बघावं तर दोन स्क्रू आणि एक किस्सा उरलेला! स्क्रूंची बरणी अजून अर्धी आहे, किश्श्यांची मात्र कधीच भरली.

आधी माणसं सांगते. मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची नोकरी तारापूरला, म्हणून सालवडला आले आणि इथलीच झाले. घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुसरे राऊत काका, एडवणचे. आयुष्यभर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळला. रिटायर झाल्यावर घरी करमेना, म्हणून माझ्या दुकानात येऊन बसायला लागले आणि बसता बसता कामाला लागले. तिसरी हर्षाला, नावच 'हर्षाला', मुरब्याच्या मच्छीमार तांडेलांची. आयटीआय झालेली, आणि लिनक्समध्ये बोईसर ते पालघर तिचा हात धरणारं कुणी नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. आहेच!

तर मार्च महिन्यात आमच्याकडे वनिता आली. मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर ती अभ्यासिका चालवते. एका कंपनीने मोडीत काढलेले आठ लॅपटॉप तिला मिळाले होते. नवीन विंडोज त्यांना झेपेना म्हणून कुणीतरी लिनक्स टाकून दिलं होतं. पण सकाळी दहाला चालू केले की बारापर्यंत ते तव्यासारखे तापायचे आणि एकेक करून बंद पडायचे. त्यात वीज म्हणजे छपरावरचं सोलर पॅनेल आणि कोपऱ्यातली बॅटरी. तीही दुपारी रिकामी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी कंटाळून येणंच सोडलं होतं.

"ताई, सरपंच बोलले, खोली रिकामी पडते तर खताच्या गोण्या ठेवू," वनिता म्हणाली. "मी भांडले. तवा बोलले, पाऊस लागायच्या आत एक दिवस, दहा ते चार, आठच्या आठ चालवून दाखव. चालले तर खोली तुजी. नाय तर गोण्यांची."

मी काही बोलायच्या आत काकांनी टेबल रिकामं केलं. "ठेव हितं," म्हणाले, आणि आठही लॅपटॉपांवर खडूने एक ते आठ आकडे घातले.

पुढचे दोन महिने दुकानात जे जे घडलं ते सगळं शेवटी या आठांच्या कामी आलं.

*

सुरुवात काकांनीच केली. वनिताच्या लॅपटॉपांना हात लावायच्या आधी सराव हवा म्हणून माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप उघडला. प्रोसेसर आणि त्याच्यावरची तांब्याची पट्टी यांच्यात उष्णता खेचणारी थर्मल पेस्ट लावलेली असते. ती वाळून चुन्यासारखी झाली होती. नवी आणायला हर्षाला बोईसरला गेली.

काकांना दम कुठला! त्यांनी आपल्या जुन्या हत्यारपेटीतलं बेअरिंगचं ग्रीस काढलं आणि बोटाने मस्त लिंपलं. हर्षाला येईपर्यंत लॅपटॉप चालू! तापमान बघितलं तर साठच्या खाली. काका असे मिशीत हसले की विचारू नका.

संध्याकाळी नवरा पांढरा लेंगा घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन क्रिकेट बघत बसला. दुसरी इनिंग सुरू व्हायच्या आत ग्रीस पातळ झालं आणि पंख्याच्या जाळीतून खाली उतरलं. लेंगा गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी काका तावातावाने म्हणाले, "अगं, याच ग्रीसवर आमच्या बॉयलरचा फीड पंप वीस वर्षं फिरला!"

हर्षाला पट्टी पुसता पुसता म्हणाली, "हो काका. पन पंप कुनी मांडीवर घेऊन बसत नाय."

*

ग्रीस बंद झालं, आठांना बोईसरची पेस्टच लागली, पण काकांची दुसरी सवय आम्ही उचलली. बॉयलरवर दर तासाला रीडिंग घेऊन लिहायचं असतं, तसं त्यांनी लॅपटॉपांसाठी रजिस्टर घातलं. चार रकाने: वेळ, तापमान, पंखा, शेरा. हर्षाला स्क्रीनवरचा आकडा वाचणार, काका लिहिणार आणि पालथा हात लॅपटॉपच्या पोटाला लावून खात्री करणार. कारखान्यात शॉकच्या भीतीने तळवा कधी लावत नाहीत, पालथाच हात लावतात, आणि ती सवय त्यांची अजून आहे.

शेऱ्याच्या रकान्यात मी एकदा कौतुकाने 'छान' लिहिलं. काकांनी ते खोडलं. "शेऱ्यात आनंद लिवायचा नसतो, वहिनी. जे घडलं तेवढंच लिवायचं."

या रजिस्टरवर लोक हसायचे. एका ट्रान्सपोर्टवाल्या शेटचा लॅपटॉप मात्र याच रजिस्टरने सोडवला. दुकानात दिवसभर साठ डिग्री, त्यांच्या ऑफिसात नव्वद. तीनदा उघडला, तीनदा साफ केला, काही सापडेना. शेवटी काका रजिस्टर घेऊन त्यांच्या ऑफिसात एक अख्खी शिफ्ट बसून आले.

शेटनी लॅपटॉप मखमलीच्या जाड आसनावर ठेवला होता! खालून हवा घ्यायच्या सगळ्या फटी मखमलीत बुडालेल्या. आसन काढा म्हटल्यावर शेट दुखावले. "सगळा धंदा याच्यावर हाय. लक्ष्मीला नुसत्या टेबलावर कशी ठेवू?"

काकांनी शेटच्याच घरातून शिसवी पाट मागवला, त्याच्यावर लॅपटॉप ठेवला, पाटाभोवती रांगोळीसुद्धा काढायला लावली. "लक्ष्मीचा मान र्‍हायला पायजे, पन तिला श्वास बी घेता आला पायजे." एका तासात पासष्ट!

त्याच दिवशी आम्ही वनिताला फोन करून विचारलं, तुझे लॅपटॉप कशावर ठेवता? म्हणाली, "गोधडीवर. नवीन शिवलेली हाय, खास." बिचारीने स्वतः शिवली होती. तिच्या खोलीसाठी आम्ही आठ फळ्या रंधा मारून ठेवल्या.

*

मग यादवजी आले. कारखान्यात ऑपरेटर, आणि इंटरनेटवर वाचून स्वतःच लिनक्सवर सगळे प्रयोग करणारा माणूस. लॅपटॉप कधी बैलगाडीसारखा चालायचा, कधी पंखा विमानासारखा ओरडायचा.

हर्षालाने बघितलं तर वीज वाचवणारे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम एकाच वेळी चालू. एक म्हणतो वेग कमी कर, दुसरा लगेच तो वाढवतो. शिवाय प्रोसेसर कायम 'परफॉर्मन्स'वर, म्हणजे पूर्ण वेगावर नेऊन ठेवलेला. का, तर यादवजींच्या मते, "पॉवरसेव तो कामचोरी हुई ना मॅडम!"

काका हादरले. "एका बॉयलरवर दोन अटेंडंट? एक आग वाढवतो, दुसरा विझवतो? अहो, स्फोट होईल!"

यादवजींना हे मात्र लगेच पटलं. आयुष्य शिफ्टमध्ये गेलेलं. हर्षालाने विचारलं, दोघांतला कुठला काढू? ते गंभीरपणे म्हणाले, "दोनों में जो सीनियर हो, उसे रखिए."

गंमत म्हणजे वनिताच्या आठपैकी सहा लॅपटॉपांत हेच निघालं. ज्याने लिनक्स टाकलं त्याने दोन्ही टाकून ठेवले होते. सहाही ठिकाणी ज्युनियर घरी गेला.

*

पालघरच्या एका शाळेतल्या पाटील मॅडमचा किस्सा मी अजून लग्नाकार्यात सांगते. त्यांची तक्रार होती की रात्रभर चार्ज केलेली बॅटरी शाळेत पोचेपर्यंत अर्धी होते. त्या झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकायच्या. पण झाकण मिटलं तरी तो धड झोपतच नव्हता. बॅगेच्या अंधारात जागा राहून तापत बसायचा. झोपेची सेटिंग बदलायची होती. हर्षालाने एक ओळ लिहिली, रीस्टार्ट केला, झालं.

आठवड्याने मॅडम परत आल्या. चेहरा पडलेला.

"बॅटरी उतरते का अजून?"

"नाही हो, बॅटरी एकदम मस्त आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही दुरुस्त केल्यापासून माझा डबा गार होतो!"

हसता हसता हर्षाला एकदम थांबली आणि वनिताच्या पहिल्या नंबरचं झाकण मिटून त्याच्यापाशी बसली. दहा मिनिटांनी पंखा गुरगुरला. म्हणजे पाड्यावर जेवणाच्या सुट्टीत मुलं झाकणं मिटत होती, आणि आठही लॅपटॉप तेवढा वेळ सोलरची बॅटरी पीत होते. तीच ओळ आठ वेळा लिहिली.

*

इतकं करूनही हिशेब जमत नव्हता. आम्ही दुकानात तसंच सोलर, तशीच बॅटरी जोडून बघितली. साडेचार तास. दहा ते चार म्हणजे सहा! स्क्रीनचा उजेड कमी केला, पाच तास. पुढे गाडी सरकेना. मे महिना अर्धा उलटला होता, आणि वनिता रोज फोन करायची, "ताई, गोण्यांचा टेम्पो ठरला."

तीन दिवस हर्षाला मुरब्याला गेली नाही की धड जेवली नाही, असं मी म्हणणार होते. पण खरं सांगायचं तर उत्तर तिला मुरब्यालाच सापडलं. सकाळी दुकानात शिरली ती हसतच.

"ताई, बाबा बोटीवर गेले का मोबाईल बंदच ठेवतात. मी काल विचारलं, का वो? तर बोलले, खोल पान्यात रेंज नसते. त्यो रेंज शोधत बसतो आन मरतो."

फोनला रेंज असली तरी पाड्यावर कुठलं वायफाय! आठही लॅपटॉप दिवसभर वायफाय शोधत बसलेले, ब्लूटूथ शोधत बसलेले. पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका तर सगळ्या आतच भरलेल्या होत्या. हर्षालाने दोन्ही बंद केलं. मग एकेक तपासत जे जे काही कारण नसताना जागं होतं ते ते झोपवत गेली. मोठमोठ्या डिग्रीवाल्यांना हे सुचलं नसतं. सुचलं ते तांडेलाच्या लेकीला! मला इतका आनंद झाला की मी तिला दुकानातच मिठी मारली आणि एक स्क्रू टेबलावरून पडला. तोही बरणीत गेला.

सहा तास वीस मिनिटं.

*

मग तो दिवस. आम्ही तिघं सकाळीच पाड्यावर पोचलो. पत्र्याचं छप्पर, मेचं ऊन. आठ फळ्यांवर आठ लॅपटॉप, समोर सोळा मुलंमुली, दोघांत एक. दहाच्या ठोक्याला काकांनी रजिस्टर उघडलं.

अकरा, बारा. सगळं नॉर्मल. जेवणाच्या सुट्टीत झाकणं मिटली आणि आठही शहाण्यासारखे झोपले. दोन वाजता मात्र पाचव्या नंबरचा आकडा चढायला लागला. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याऐंशी! वनिताच्या आईने ओलं फडकं पिळलं आणि तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावं तसं लॅपटॉपवर ठेवायला धावली. काकांनी तिचा हात वरच्या वर धरला. हर्षाला खाली वाकली. फळी जराशी डुगडुगत होती म्हणून कुणीतरी प्रेमाने खाली गोधडीची घडी सारली होती, आणि तिचं टोक वर येऊन जाळीवर बसलं होतं. गोधडी काढली. दगडाची चीप लावली. तीन वाजता पाचवा नंबर छप्पन्नवर आला, तेव्हा कुठे वनिता खाली बसली.

साडेतीनला टेम्पो आला. खताच्या गोण्या भरलेल्या, पुढे ड्रायव्हरशेजारी सरपंच. टेम्पो दाराशी आडवा लावला. सरपंच आत आले, भिंतीला टेकून उभे राहिले. सोळा मुलांच्या बटणांचा तेवढा आवाज.

चार वाजले. हर्षालाने सांगायच्या आधीच सरपंच पुढे झाले. काकांचं बघून की काय, त्यांनीही पालथा हात केला आणि पाचव्या नंबरच्या पोटाला लावला. तिथल्या मुलीने मघाशीच वही लिहायला घेतली होती, त्यामुळे वीज वाचवायला स्क्रीन आपोआप काळी झाली होती. सरपंचांनी हात काढला, परत लावला. मग वनिताकडे वळून नाराजीने म्हणाले,

"ह्यो तर गार हाय. बंद पडलाय का?"

वनिताचा चेहरा पांढरा पडला. हर्षालाने एक बटण दाबलं. स्क्रीन उजळली, प्रश्नपत्रिका होती तिथेच, सत्तेचाळिसाव्या प्रश्नावर.

सरपंचांनी वाकून तो प्रश्न शेवटपर्यंत वाचला. मग दारातून बाहेर ओरडले, "ए, काय उतरवू नको रे! गोण्या माज्या घरच्या वटीवर नेऊन टाक!"

टेम्पो वळून गेला. वनिता रडत होती, तिची आई तेच ओलं फडकं घेऊन तिचे डोळे पुसत होती, मुलं ओरडत होती. काका मात्र मान खाली घालून पाचव्या नंबरचं चार वाजताचं रीडिंग लिहीत होते. मी मागून वाकून पाहिलं.

वेळ: ४. तापमान: ४९. पंखा: नॉर्मल. आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात:

'सरपंचांना बंद वाटला.'